डिझेल हे एका माणसाचे नाव होते

वाचकहो, ‘डिझेल’ हा शब्द ठाऊक नाही असे एकही घर आपल्या बेटावर नसेल. बस डिझेलवर चालते, लॉरी डिझेलवर चालते, आणि पोर्ट लुईच्या वीजकेंद्रांत जड तेलावर धडधडणारी मोठी इंजिनेही त्याच जातीची आहेत. पेट्रोल, रॉकेल तसेच हेही एखाद्या तेलाचे नाव असावे, असे आपण धरून चालतो. परंतु तेलाला हे नाव मिळाले इंजिनावरून, आणि इंजिनाला मिळाले एका माणसावरून. त्या माणसाचे नाव रुडॉल्फ डिझेल. त्याने बर्फाच्या कारखान्यात नोकरी करता करता आगीचा विचार केला, जगाला नवे यंत्र दिले आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका रात्री तो समुद्रात नाहीसा झाला.

ज्यांच्या घरी डिझेलची मोटार आहे त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. सकाळी किल्ली एकदम पूर्ण फिरवायची नसते. अर्धी फिरवली की समोर पिवळा दिवा लागतो. त्या दिव्यावर तारेच्या वेटोळ्याचे चित्र असते. तो विझला की मग इंजिन सुरू करायचे. हे थांबणे कशासाठी? पेट्रोलच्या मोटारीला तर असे थांबावे लागत नाही. या प्रश्नाचे उत्तर डिझेलच्या चरित्रात दडलेले आहे, म्हणून आज ते चरित्रच सांगतो.

पॅरिसमधले बालपण

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. आईवडील दोघेही जर्मन. वडील थिओडोर हे मूळचे आउग्सबुर्ग गावचे, पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचा त्यांचा धंदा. आई एलिझे न्यूरेंबर्गची. तीन मुलांत रुडॉल्फ मधला. मिळकत बेताचीच होती. वडिलांनी तयार केलेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोचवण्याचे काम या मुलाकडे असे. घरात जर्मन, रस्त्यावर आणि शाळेत फ्रेंच, अशा दोन भाषांत तो वाढला. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा अनुभव आपल्या मुलांना काही नवा नाही. शाळेत तो इतका हुशार निघाला की बाराव्या वर्षी त्याला ब्राँझपदक मिळाले.

पण ते साल होते १८७०. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधले जर्मन लोक रातोरात परके ठरले. डिझेल कुटुंबाला होते नव्हते ते सोडून लंडनला जावे लागले. तिथे वडिलांना काम मिळेना. शेवटी आईने ठरवले की निदान या मुलाचे शिक्षण थांबू नये. बारा वर्षांच्या रुडॉल्फला युद्धाच्या धामधुमीत जर्मनीला, आउग्सबुर्गला, नात्यातल्या बार्निकेल कुटुंबाकडे पाठवण्यात आले. यजमान क्रिस्टोफ बार्निकेल तिथल्या औद्योगिक शाळेत गणिताचे शिक्षक होते. मुलाला त्या घरात आसरा मिळाला आणि शिस्तही मिळाली. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले की आपण इंजिनियर होणार.

असे सांगतात की त्या शाळेत एक छोटीशी वस्तू होती आणि तिने त्याच्या मनात घर केले. काचेची जाड नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या. दट्ट्याच्या टोकाला जरासे तागाचे किंवा कापसाचे बोंड ठेवायचे आणि दट्ट्या जोराने आत हाणायचा. आतली हवा एकदम दाबली जाते, तापते आणि बोंड पेट घेते. मलाया आणि आसपासच्या बेटांवरचे लोक अशाच तऱ्हेच्या बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीने फार पूर्वीपासून विस्तव पाडत आले आहेत. यात नवल वाटण्याचे कारण नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला गरम लागते, तीच ही गोष्ट. हवा दाबली की तापते.

बर्फ करणारा आणि आगीचा विचार करणारा

१८७५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. तिथे त्याला कार्ल लिंडे हे गुरू भेटले. थंडी निर्माण करणाऱ्या यंत्रांचे ते मोठे जाणकार. उष्णतेचे शास्त्र शिकवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि ती या विद्यार्थ्याला बोचली. त्या काळचे वाफेचे इंजिन म्हणजे उद्योगधंद्यांचा राजा. पण हा राजा शंभर भाग कोळसा जाळून जेमतेम सहा ते दहा भागांचे काम करीत असे. बाकीची सारी उष्णता धुराड्यातून आणि वाफेतून वाया जाई. हे नुकसान भरून काढणारे इंजिन करता येईल का, हा प्रश्न डिझेलने वहीच्या समासात टिपून ठेवला आणि पुढची पंधरा वर्षे मनात बाळगला.

१८७९ मध्ये विषमज्वराने आजारी पडल्यामुळे त्याची परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंतचा वेळ त्याने स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात हाताने काम करण्यात घालवला. १८८० च्या जानेवारीत तो उत्तम गुणांनी पदवीधर झाला. लगेच लिंडे यांनी त्याला पॅरिसला आपल्या बर्फाच्या कारखान्यात नेले आणि वर्षभरातच तो तिथला प्रमुख झाला. १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी झाली.

दिवसा बर्फाची यंत्रे आणि रात्री इंजिनाचे आराखडे, असा त्याचा क्रम सुरू झाला. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून पाहण्यात त्याने कित्येक वर्षे घालवली. त्या प्रयोगांत एकदा स्फोट झाला आणि तो बरेच दिवस रुग्णालयात पडून राहिला. शेवटी अमोनिया बाजूला ठेवून तो साध्या हवेकडे वळला. इथे त्याला लहानपणची ती नळी पुन्हा उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

नुसत्या दाबाची करामत

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधी तयार होते. ते सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि ठिणगी टाकून पेटवले जाते. डिझेलची कल्पना वेगळी होती. सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची. पिस्टनने ती इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापेल. मग त्या तापलेल्या हवेत इंधनाची धार सोडायची. इंधन आपोआप पेटेल. ठिणगी नको आणि बाहेरची ज्योतही नको. जितका दाब जास्त, तितका इंधनातून मिळणारा मोबदलाही जास्त.

फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने बर्लिनला पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढल्या वर्षी ते मिळाले. १८९३ मध्येच त्याने आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिख बुत्स यांनी जागा आणि माणसे दिली, आणि एसेनचा क्रुप कारखानाही मदतीला आला. कागदावर त्याने अडीचशे वातावरणांइतका दाब धरला होता. प्रत्यक्षात तेवढा दाब सोसणारे यंत्र करणे त्या काळी शक्य नव्हते, म्हणून तो आकडा पुष्कळ खाली आणावा लागला.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या यंत्रात इंधन सोडले गेले. ते पेटले खरे, पण असे की दाब मोजणारे उपकरणच फुटले आणि त्याचे तुकडे डिझेलच्या डोक्याजवळून उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर काही चालले नाही. तरी त्याला हवे होते ते कळले. नुसत्या दाबाने आग लागते! १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा आपल्या जोरावर सुमारे एक मिनिट फिरले, मिनिटाला ८८ फेरे. असे सांगतात की कारखान्याचा पट्टा इंजिनाला ओढत नसून इंजिनच पट्ट्याला ओढते आहे, हे प्रथम एका मिस्त्रीच्या ध्यानात आले आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर तपासणी केली. माणसापेक्षा कितीतरी उंच, एकाच सिलिंडरचे, सुमारे वीस अश्वशक्तीचे ते यंत्र होते. शंभर भाग उष्णतेतून त्याने २६.२ भागांचे काम करून दाखवले. दुसऱ्या कोणत्याही इंजिनाने तोवर एवढी मजल मारली नव्हती. ते इंजिन आजही म्युनिकच्या संग्रहालयात उभे आहे.

पैसा, मान आणि मनस्ताप

मग दारात पैसा आला. अमेरिकेतील बिअरचे कारखानदार अडॉल्फस बुश यांनी त्यांच्या देशापुरते हक्क दहा लाख मार्कांना घेतले. रशियात इमॅन्युएल नोबेल यांनी हक्क घेतले. डिझेल श्रीमंत झाला आणि म्युनिकला त्याने राजवाड्यासारखे घर बांधले. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, म्हणजे ज्या शहरातून लहानपणी त्याला निघून जावे लागले त्याच शहरात, त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. वसाहतींमधल्या शेतकऱ्याला आपल्याच पिकाच्या तेलावर यंत्र चालवता यावे, असा त्यामागे फ्रेंच सरकारचा हेतू होता. डिझेललाही ही कल्पना पुढे महत्त्वाची वाटू लागली आणि वनस्पतींच्या तेलाला एक दिवस मोठे मोल येईल, असे मत त्याने मांडले.

परंतु यश आले तशी भांडणेही आली. तापलेल्या गोळ्यावर तेल सोडून चालणारे इंजिन इंग्लंडच्या हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी डिझेलच्या आधी, १८९० सालीच पेटंट केले होते. सुरू करण्यापूर्वी त्या इंजिनाचा गोळा बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे. कल्पना मुळात कोणाची, हा वाद त्यामुळे रंगला. कोणी म्हणे, पेटंटात लिहिले एक आणि यंत्रात केले भलतेच. सुरुवातीला विकलेली काही इंजिने वारंवार बिघडली आणि गिऱ्हाईक चिडले. डिझेलची प्रकृती खचली. १८९८ च्या सुमारास मज्जासंस्थेच्या थकव्याने त्याला आरोग्यधामात राहावे लागले. डोकेदुखीने तर त्याची पाठ कधी सोडलीच नाही. जमिनीच्या व्यवहारात घातलेला पैसा बुडाला. यंत्रात उष्णतेचा कणन् कण जपणाऱ्या या माणसाला स्वतःचा पैसा मात्र जपता आला नाही.

इंजिनाचा संसार मात्र वाढत होता. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डिझेल इंजिनांवर चालणारे मोठे जहाज कोपनहेगनहून निघून थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले. त्याच वर्षी डिझेलने अमेरिकेचा दौरा केला आणि तिथे त्याचा सत्कार झाला. पण वर्षाअखेरीस बर्लिनला आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत तो सांगू लागला, तेव्हा समोर बसलेल्या काही विद्वानांनी त्याच्यावर भर सभेत टीका केली.

समुद्रावरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ‘ड्रेस्डेन’ नावाची आगबोट इंग्लंडच्या हार्विच बंदराकडे निघाली. डिझेल दोन सोबत्यांसह तिच्यावर होता. इंग्लंडमध्ये त्याच्या इंजिनांच्या कंपनीची बैठक होती. तिघांनी रात्रीचे जेवण घेतले, डेकवर फेरफटका मारला आणि दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून तो खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी झोपलेच नव्हते. रात्रीचे कपडे घडीचे घडी होते. त्याची टोपी आणि कोट मागच्या कठड्याजवळ सापडले.

दहाएक दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात एक प्रेत दिसले. ते फार खराब झाले होते. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू आपल्या वडिलांच्याच आहेत, हे मुलगा ऑयगेन याने ओळखले. निघण्यापूर्वी डिझेलने पत्नीकडे एक बॅग दिली होती आणि ती पुढच्या आठवड्यापर्यंत उघडू नको असे सांगितले होते. तिच्यात वीस हजार मार्क होते, आणि बँकेतील खाती रिकामी असल्याचे दाखवणारे कागद होते. डायरीत २९ सप्टेंबरच्या पानावर एक फुली होती.

युद्धाचे ढग जमलेले असल्यामुळे घातपाताच्या अफवाही खूप उठल्या. कोणी जर्मन हेरांकडे बोट दाखवले, कोणी तेलाच्या व्यापाऱ्यांकडे. पुरावा कोणत्याच अफवेला मिळाला नाही. चरित्रकारांपैकी बहुतेकांचा कल, कर्जाच्या आणि आजाराच्या ओझ्याखाली त्याने स्वतःच जीवन संपवले, असे मानण्याकडे आहे.

जे त्याच्या हातून राहिले

डिझेलची एक इच्छा मात्र अपुरी राहिली होती. आपले इंजिन लहान व्हावे, मोटारीत बसावे, छोट्या कारागिराच्या दुकानात जावे, असे त्याला फार वाटे. ते का जमले नाही हे समजले की पिवळ्या दिव्याचे कोडेही सुटते.

पहिली अडचण इंधन आत सोडण्याची. डिझेलच्या काळी ते काम दाबलेल्या हवेच्या झोताने होई आणि त्यासाठी इंजिनाला एक मोठा हवेचा पंप जोडावा लागे. एवढे लटांबर मोटारीत मावणार कसे? ही अडचण पुढच्या पिढीने सोडवली. मानहाइमच्या बेंझ कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ साली मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक लहानशी खोली ठेवण्याची युक्ती काढली. इंधन आधी या खोलीत शिरते आणि तिथे थोडे पेटते. त्या भडक्याच्या जोराने उरलेले इंधन मुख्य सिलिंडरमध्ये फवारले जाते. हवेच्या झोताची गरज उरली नाही. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने इंधन ढकलणारा नेमका पंप घाऊक प्रमाणात बाजारात आणला. १९२० च्या दशकात लॉरीत डिझेल इंजिन बसले, आणि १९३६ साली मर्सिडीज-बेंझची ‘२६० डी’ ही मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. डिझेलच्या मृत्यूला तेव्हा तेवीस वर्षे होत आली होती.

दुसरी अडचण थंडीची. मोठ्या टोपातला भात बराच वेळ गरम राहतो, वाटीतला भात लगेच निवतो. इंजिनाचेही तसेच असते. जहाजाच्या अजस्र सिलिंडरमध्ये हवा दाबली की तिची उष्णता हवेतच राहते. मोटारीच्या मुठीएवढ्या सिलिंडरमध्ये मात्र तीच उष्णता थंड लोखंड पाहता पाहता शोषून घेते. त्यात लोरांज यांची छोटी खोली म्हणजे उष्णता गिळणाऱ्या भिंतींची आणखी भर. शिवाय थंडीत तेल घट्ट होते, बॅटरी मंदावते आणि इंजिन हळू फिरते. हळू दाबलेल्या हवेला निसटायला आणि निवायला वेळ मिळतो. चालत्या इंजिनात ही हवा पाचशे अंशांच्या वर सहज तापते. थंड इंजिनात ती तेवढी तापत नाही, मग इंधन पेटत नाही आणि नळीतून नुसता पांढरा धूर येतो.

यावर उपाय म्हणून आला ग्लो प्लग. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याला फ्रेंचमधून बुजी द प्रेशोफाज म्हणतात. बुजी म्हणजे मेणबत्ती, आणि पुढल्या शब्दाचा अर्थ आधी तापवणे. नाव मोठे सुरेख आहे, पण पेट्रोलच्या इंजिनातल्या बुजीशी त्याची गल्लत करू नये. ती बुजी चालत्या इंजिनात प्रत्येक वेळी ठिणगी टाकते. ही बुजी ठिणगी टाकीत नाही, ती फक्त ऊब देते. पेन्सिलीएवढी बारीक पोलादी नळी, तिचे टोक बंद. आत तारेचे वेटोळे, आणि त्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. किल्ली अर्धी फिरवली की बॅटरीची वीज तारेत शिरते आणि टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत लालबुंद होते. इंधनाचे तुषार त्या टोकाजवळ पोचले की पेट घेतात. एकदा इंजिन गरम झाले की या मेणबत्तीचे काम संपले.

जुन्या मोटारींत हे तापणे अर्धा मिनिट, कधी मिनिटभर चाले. तेव्हा सगळे ग्लो प्लग एकामागून एक साखळीसारखे जोडलेले असत. त्यातला एक जरी जळाला तरी साखळी तुटे आणि सगळेच थंड पडत. नंतर प्रत्येकाला स्वतंत्र वीज मिळू लागली. आता एखादा जळाला तर तेवढाच सिलिंडर सकाळी रुसतो, इंजिन थरथरते, पांढरा धूर निघतो आणि थोड्या वेळाने सारे सुरळीत होते. अशी लक्षणे दिसली तर मेकॅनिकला ग्लो प्लग तपासायला सांगावे. विनाकारण स्टार्टर फिरवीत बसल्याने बॅटरी मात्र जाते. आणखी एक इशारा. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात सुरू होण्यासाठी ईथरचा फवारा कधीही मारू नये. लालबुंद टोकाशी गाठ पडून स्फोट होऊ शकतो.

कोणी विचारील, आपल्या बेटावर बर्फ कुठे पडतो? खरे आहे. पण छोटी खोली असलेल्या जुन्या इंजिनांना बर्फाचीच थंडी लागते असे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये क्युरपीप किंवा वाक्वाकडच्या गारठलेल्या पहाटेच काय, समुद्रकाठच्या उबदार सकाळीही रात्रभर उभ्या राहिलेल्या अशा इंजिनाला थोडी ऊब हवी असते. नव्या मोटारींत इंधन सरळ मुख्य सिलिंडरमध्ये फार मोठ्या दाबाने फवारले जाते आणि ग्लो प्लगही दोन-चार सेकंदांत तापतात. म्हणून आपल्या हवेत त्यांचा पिवळा दिवा डोळे मिचकावून लगेच विझतो. बड्या लॉऱ्यांत बहुधा ग्लो प्लग नसतोच. फार थंड देशात त्यांची आत येणारी हवाच तापवून देतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने तर आणखी वेगळी तऱ्हा पाहिली. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि खेडोपाडी विहिरींवर डिझेल इंजिने धडधडू लागली. हँडल मारून सुरू करायच्या इंजिनात एक छोटी कळ असते. ती उचलली की दाब सुटतो आणि जड चाक हाताने भराभर फिरवता येते. चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. वेगातल्या चाकाने हवा एकदम चिरडली जाते, तापते आणि इंजिन बोलू लागते. आउग्सबुर्गच्या शाळेतील नळीत दट्ट्या हळू ढकलला तर बोंड पेटत नसे, जोराने हाणला तरच पेटे. तोच नियम!

नाव राहिले

डिझेलचा अभिमान असा होता की आपल्या इंजिनाला बाहेरच्या आगीची गरज नाही. मोठ्या इंजिनांच्या बाबतीत तो खरा ठरला. पण त्याचे इंजिन लहान होऊन घरोघरी पोचले ते दुसऱ्यांनी त्याला सुरुवातीची थोडी ऊब दिली म्हणून. यात कमीपणा कसला? त्याचे स्वतःचे आयुष्य तरी वेगळे कुठे होते? बारा वर्षांच्या बेघर मुलाला बार्निकेल गुरुजींच्या घराची ऊब मिळाली, लिंडे यांचा आधार मिळाला, बुत्स यांनी चार वर्षे धीर धरला, म्हणून तो पेटला. शेवटच्या वर्षांत जेव्हा त्याला पुन्हा आधार हवा होता, तेव्हा तो त्याने कोणाकडे मागितला नाही. घरच्यांपासूनही कर्ज लपवून ठेवले. ज्यांच्या घरात कोणी असे मुकाट्याने ओझे वाहत असेल, त्यांनी या गोष्टीचा जरूर विचार करावा.

त्याच्या इंजिनाचे गुणदोष पुढे जगाला कळले. कमी तेलात जास्त काम हा गुण, तर काजळी आणि विषारी वायू हा दोष. युरोपातल्या अनेक शहरांनी आता जुन्या डिझेल मोटारींना मज्जाव केला आहे. पण समुद्रावरची मालवाहू जहाजे आजही मुख्यतः त्याच्याच तत्त्वावर चालतात, आणि आपल्या बेटावर येणारे तांदूळ, गहू, कापड त्याच जहाजांतून उतरते.

१९५७ साली जपानच्या यान्मार कंपनीचे संस्थापक मागोकिची यामाओका यांनी आउग्सबुर्गच्या एका बागेत डिझेलच्या स्मरणार्थ जपानी पद्धतीचे शिलास्मारक उभारून दिले. लहान डिझेल इंजिने बनवून यामाओका मोठे झाले होते आणि ते ऋण त्यांना फेडायचे होते. जर्मनीतल्या सामान्य मोटारवाल्यांनी तर याहून साधे स्मारक शोधून काढले. जुन्या मोटारीचा ग्लो प्लग तापेपर्यंत जी वाट पाहावी लागे, तिला ते थट्टेने रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मरणाचे मिनिट म्हणत. थट्टाच ती, पण समुद्रात समाधी मिळालेल्या माणसासाठी रोज सकाळी हजारो लोक क्षणभर थांबत होते, हेही तितकेच खरे. आता ते मिनिट दोन-चार सेकंदांवर आले आहे. वाचकहो, आपल्या मोटारीतला पिवळा दिवा विझेपर्यंत शेजारी बसलेल्या मुलाने हे थांबणे कशासाठी असे विचारले, तर त्याला ग्लो प्लग समजावून सांगावा, आणि डिझेल हे एका माणसाचे नाव होते, हेही सांगावे.